गोठवलेला गर्भ आणि डॉ. सुभाष मुखोपाध्याय

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत थायरॉईडसाठी येणाऱ्या काही स्त्रिया बाहेर टेस्ट ट्यूब बेबीचे, म्हणजे आयव्हीएफचे उपचारही घेत असतात. बरेचदा त्या हे सांगत नाहीत. रक्ताचा रिपोर्ट अचानक बिघडलेला दिसला आणि खोदून विचारले, की पिशवीच्या तळाशी ठेवलेली दुसरी फाईल बाहेर येते. मग हळू आवाजात एक प्रश्न येतो: डॉक्टरांनी गर्भ गोठवून ठेवला आहे, पुढच्या महिन्यात सोडणार आहेत, तर तो शिळा तर होणार नाही ना?

गर्भ गोठवून पुढच्या पाळीचक्रात गर्भाशयात सोडायचा, ही आज रुळलेली पद्धत आहे. ती माणसात यशस्वी करून दाखवणारा पहिला डॉक्टर भारतीय होता, आणि तोही तुमच्याआमच्यासारखा सरकारी नोकर. त्यांचे नाव डॉ. सुभाष मुखोपाध्याय.

सुभाषबाबूंचा जन्म १६ जानेवारी १९३१ चा, हजारीबागचा. १९५५ मध्ये कोलकात्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. खासगी दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी शरीरक्रियाशास्त्र हा विषय निवडला. प्रजननाच्या अभ्यासासाठी त्यांना १९५८ मध्ये कोलकाता विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. पुढे ते एडिंबराला गेले आणि जॉन लोरेन यांच्या हाताखाली प्रजनन संप्रेरकांवर काम करून १९६७ मध्ये दुसरी पीएच.डी. घेऊन परत आले. कोलकात्याच्या एन. आर. एस. मेडिकल कॉलेजात आणि पुढे बांकुड्याच्या मेडिकल कॉलेजात त्यांनी शिकवले. पगार शिकवण्याचा होता, संशोधन मात्र उरलेल्या वेळात आणि तुटपुंज्या साधनांवर चालायचे.

त्यांचे काम समजून घ्यायचे तर पाळीचे चक्र थोडे समजून घ्यावे लागेल. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. पुरुषात हीच संप्रेरके वृषणांकडून शुक्रजंतू आणि टेस्टोस्टेरॉन तयार करून घेतात. स्त्रीमध्ये एफएसएचमुळे बीजकोशातली फॉलिकल नावाची पाण्याची बारीक पिशवी वाढते आणि तिच्यात स्त्रीबीज पिकते. वाढणारे फॉलिकल इस्ट्रोजेन बनवते आणि त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते. मग एलएच एकदम वाढते, फॉलिकल फुटते आणि बीज बाहेर पडते. रिकामे झालेले फॉलिकल आता प्रोजेस्टेरॉन बनवू लागते. त्याच्या प्रभावाने अस्तर गर्भ रुजवून घ्यायला तयार होते, पण फक्त काही दिवसांसाठी. गर्भ आणि अस्तर यांची वेळ जुळली नाही तर गर्भ रुजत नाही आणि पाळी येते.

१९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांनी शरीराबाहेर गर्भ तयार करण्याचा ध्यास घेतला होता. सुरुवातीच्या प्रयत्नांत त्यांनी बीजे वाढवणारी संप्रेरके वापरली, पण गर्भ टिकेना. शेवटी त्यांनी औषधे सोडली आणि नैसर्गिक चक्रात तयार होणारे एकच बीज दुर्बिणीने काढले. त्यातून २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊन जन्मली.

सुभाषबाबूंनी वेगळी वाट धरली. त्यांनी एचएमजी नावाचे संप्रेरक वापरले. रजोनिवृत्तीनंतर बीजकोश काम थांबवतात, पण पिट्युटरी त्यांना हाका मारतच राहते. त्यामुळे वयस्क स्त्रियांच्या लघवीत एफएसएच आणि एलएच भरपूर असतात. इटलीत मठांमधल्या वयस्क नन्सची लघवी गोळा करून हे औषध बनवले जाई. ते टोचल्यावर एकाऐवजी अनेक फॉलिकल वाढतात आणि अनेक बीजे हाती येतात. ही बीजे सुभाषबाबूंनी पोटाला छिद्र न पाडता योनिमार्गातून काढली.

पण अनेक फॉलिकल वाढली की इस्ट्रोजेनही नेहमीपेक्षा कितीतरी जास्त होते आणि अस्तराचे वेळापत्रक चुकते. बीज चांगले, गर्भ चांगला, पण जमीन तयार नाही अशी अवस्था होते. यावर सुभाषबाबूंचा तोडगा सरळ होता. त्या महिन्यात घाई करायची नाही. गर्भ गोठवून ठेवायचा, शरीर पूर्ववत होऊ द्यायचे आणि नंतरच्या नैसर्गिक चक्रात अस्तर तयार असताना तो आत सोडायचा. अतिशीत तंत्राचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य त्यांच्या सोबतीला होते. गर्भनलिका निकामी झालेल्या एका स्त्रीचे गर्भ त्यांनी ५३ दिवस गोठवून ठेवले आणि मग गर्भाशयात सोडले. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, लुईसच्या जन्मानंतर ७० दिवसांनी, कोलकात्यात मुलगी जन्मली. तिला दुर्गा या नावाने ओळखले जाऊ लागले.

बातमी फुटली आणि कौतुकाआधी संशय आला. संशय घेणे विज्ञानात गैर नाही. एवढा मोठा दावा केला की पुरावा मागितला जाणारच. इथे पुरावा देणेही अवघड होते. मूल होत नाही ही गोष्ट घरात लपवून ठेवायचा तो काळ. आपली ओळख उघड होऊ नये, ही मुलीच्या आईवडिलांची इच्छा होती आणि डॉक्टरांनी तिचा मान राखला. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली.

राज्य सरकारने नोव्हेंबर १९७८ मध्ये चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष रेडिओ भौतिकीचे प्राध्यापक होते. या विषयात प्रत्यक्ष काम केलेले त्या समितीत कोणी नव्हते. समितीने दावा खोटा ठरवला. जपानमध्ये जाऊन आपले काम मांडण्याचे निमंत्रण आले, तर जाण्याची परवानगी मिळाली नाही. दरम्यान त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. जून १९८१ मध्ये त्यांची बदली कोलकात्याच्या नेत्ररोग संस्थेत करण्यात आली. संप्रेरकांवर आयुष्य घालवलेल्या माणसाला आता डोळ्यांच्या विभागात काम करायचे होते. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आपले आयुष्य संपवले. वय होते ५०.

त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, डिसेंबर १९८१ मध्ये, अमेरिकेत एचएमजी वापरून केलेल्या आयव्हीएफमधून मूल जन्मले. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियात गोठवलेल्या गर्भापासून मूल जन्मले. कोलकात्यात जे अशक्य ठरवले गेले, ते जगभर होऊ लागले.

यानंतरचा भाग मुंबईचा आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे हे यश. देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून हर्षाची नोंद झाली. १९९७ मध्ये आनंद कुमार कोलकात्याला गेले असताना त्यांना सुभाषबाबूंची हस्तलिखित टिपणे पाहायला मिळाली. ती वाचून त्यांची खात्री पटली. गप्प राहिले असते तर त्यांना कोणी काही म्हणाले नसते. पण त्यांनी शास्त्रीय नियतकालिकात लेख लिहिला आणि पहिलेपणाचा मान सुभाष मुखोपाध्याय यांचा आहे, असे जाहीर केले. २००२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांच्या कामाची दखल घेतली. पुढे मोठी झालेली दुर्गा स्वतः लोकांसमोर आली. एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल मिळाले.

सुभाषबाबूंच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन तपन सिन्हांनी ‘एक डॉक्टर की मौत’ हा चित्रपट काढला. अनेकांना ही कहाणी त्यातूनच ठाऊक आहे. मला मात्र त्यांची आठवण ओपीडीतल्या त्या प्रश्नाने होते. गोठवलेला गर्भ शिळा होत नाही. उणे १९६ अंश तापमानात पेशींचे व्यवहार जवळजवळ थांबलेले असतात. प्रत्येक जोडप्याला गोठवण्याची गरज असते असे नाही. पण संप्रेरकांमुळे बीजकोश फार सुजले असतील किंवा अस्तर वेळेत नसेल, तर महिनाभर थांबणे आईच्या जिवासाठी आणि गर्भासाठी, दोघांसाठीही हिताचे असते.

आणि लाज सोडा. आयव्हीएफची इंजेक्शने चालू असताना पोट फुगणे, वजन झपाट्याने वाढणे, दम लागणे, लघवी कमी होणे यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. थायरॉईड, मधुमेह किंवा रक्तदाबाचे औषध चालू असेल तर दोन्ही डॉक्टरांना दोन्ही फाईली दाखवा. इस्ट्रोजेन वाढले की थायरॉईडच्या गोळीचा डोस अनेकदा वाढवावा लागतो, आणि तो न वाढवल्याचा त्रास आई आणि बाळ दोघांनाही होऊ शकतो. दुर्गाच्या आईवडिलांना उपचार लपवावे लागले, कारण तो काळ तसा होता. आज ती दुसरी फाईल पिशवीच्या तळाशी ठेवायचे कारण उरलेले नाही.