फी माफ झाली, भाकरीचे काय?

दरवर्षी २२ सप्टेंबर रोजी कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती साजरी होते. शाळा-महाविद्यालयांतून त्यांच्या प्रतिमेस हार घातले जातात, त्यांच्या त्यागाचे गोडवे गायिले जातात. हे सारे योग्यच आहे. परंतु या त्यागमूर्तीच्या आड भाऊरावांमधला पक्का हिशेबी माणूस झाकला जातो, असे मला अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने नेहमी वाटते. गरिबाच्या शिक्षणाला खरा खर्च कोठे येतो, हे त्यांनी ज्या अचूकतेने ओळखले, त्या अचूकतेने आपण आजही ओळखलेले नाही.

भाऊरावांचा जन्म १८८७ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले, तेव्हा राजर्षी शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने तेथे निरनिराळ्या जातींची वसतिगृहे उभी राहत होती. स्वतः भाऊराव मॅट्रिकही होऊ शकले नाहीत. पण खेड्यातला मुलगा शहरात शिकू शकतो, तो प्रथम त्याला तेथे राहण्या-जेवण्याची सोय झाल्यामुळे, हा धडा त्यांनी कोल्हापुरात घेतला. वसतिगृहे जातवार असल्याने त्या सोयीला मर्यादा पडते, हेही त्यांनी तेथेच पाहिले.

पुढे ओगले काच कारखान्याच्या मालाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत ते गावोगाव हिंडले. या फिरतीत त्यांना खेड्याचे अर्थकारण जवळून दिसले. कुणब्याचा दहा-बारा वर्षांचा मुलगा हा त्या घरातील कमावता हात असतो. तो शाळेत गेला की फीचे चार पैसे जातातच, शिवाय त्याची मजुरी बुडते, गुरे राखणारे कोणी उरत नाही आणि परगावी ठेवायचे तर त्याच्या पोटाची वेगळी तजवीज करावी लागते. या बुडालेल्या कमाईला आम्ही वर्गात संधी-खर्च म्हणतो. भाऊरावांना ही संज्ञा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मात्र त्यांची सारी संस्था याच एका जाणिवेवर उभी आहे.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलले आणि तेथे सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. येथे महार, मराठा, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एका पंगतीत जेवत, पाळीपाळीने स्वयंपाक करीत, शेतात राबत. घरोघरी बाजूला काढलेले मूठमूठ धान्य गोळा करून कोठार भरले जाई. कोठार रिकामे झाले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. १९३० साली त्या निवर्तल्या. कर्मवीरांच्या जयंतीला त्यांची आठवण क्वचितच निघते, ही आपली कृतघ्नता होय.

या हिशेबाचा परिपाक म्हणजे १९४७ साली साताऱ्यात सुरू झालेले छत्रपती शिवाजी महाविद्यालय. कमवा आणि शिका हे तत्त्व भाऊरावांनी उच्च शिक्षणात आणले. विद्यार्थ्याने श्रम करावेत आणि त्या बदल्यात त्याचे राहणे, जेवणे व शिकणे व्हावे, अशी ती योजना होती. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारशी खटका उडून संस्थेचे अनुदान थांबले. ते काही काळाने पुन्हा मिळू लागले; पण दरम्यान संस्था तगून राहिली ती रयतेच्या आधारावर. ९ मे १९५९ रोजी भाऊराव निधन पावले, तेव्हा संस्थेच्या शंभरावर माध्यमिक शाळा आणि तीन महाविद्यालये चालू होती. याच बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. एका पिढीत एवढे अंतर कापणे केवळ फीमाफीने साधले नसते.

आज आपण कोठे आहोत? यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठी फीमाफी आली. २०२४ साली राज्य शासनाने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, पात्र प्रवर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. हे निर्णय स्वागतार्हच आहेत. परंतु माझ्या वर्गातील एक हुशार विद्यार्थी फी माफ असूनही दिवाळीनंतर परतला नाही. चौकशी केली तेव्हा कळले की खोलीभाडे आणि खाणावळीचे दोन महिने थकले होते, आणि गावाकडे ट्रॅक्टरवर रोजंदारी मिळत होती. निर्वाहभत्त्याच्या योजना आहेत, नाही असे नाही. पण भत्ता हाती येतो वर्ष सरत आल्यावर आणि खाणावळवाला पैसे मागतो महिन्याच्या एक तारखेस.

कमवा व शिका योजनाही आज अनेक विद्यापीठांतून राबविली जाते. मात्र भाऊरावांच्या बोर्डिंगात सर्वच मुले राबत. त्यामुळे श्रम ही गरिबीची खूण ठरत नसे. आज ग्रंथालयात पुस्तके लावणारा किंवा बागेत पाणी घालणारा मुलगा तेवढा गरीब म्हणून ओळखला जातो आणि वर्गमित्रांसमोर संकोचतो. शिवाय मिळणाऱ्या तासाच्या मेहनतान्यात महिन्याचे जेवण भागत नाही. तेव्हा योजनेचे नाव टिकले, पण हिशेब निसटला.

तो हिशेब पुन्हा मांडायचा असेल तर तीन गोष्टी कराव्या लागतील. महाविद्यालयातील प्रवेशाच्या जागा मोजताना वसतिगृहातील खाटाही मोजाव्या लागतील. निर्वाहभत्ता सत्राच्या आरंभीच द्यावा लागेल. आणि श्रमाचा वाटा केवळ गरजूंच्या नव्हे, तर सर्व विद्यार्थ्यांच्या दिनक्रमात आणावा लागेल. यांपैकी एकही सूचना नवी नाही. साताऱ्यात हे सर्व करून दाखविले गेले आहे, तेही मूठमूठ धान्यावर. त्या काळाच्या तुलनेत किती तरी संपन्न झालेल्या राज्याला ते परवडत नाही, असे म्हणणे हिशेबाला धरून होणार नाही.