समजून घ्या : कपाटाचे कुलूप काढणारा गणिताचा शिक्षक, टॅबच्या काळात रंगनाथन का आठवावेत?

शाळेत स्मार्ट बोर्ड आला, टॅबही आले. पण पुस्तकांच्या कपाटाला कुलूपच, हे चित्र तुम्हीही पाहिले असेल. शंभर वर्षांपूर्वी याच कुलपाशी भिडलेला माणूस म्हणजे शियाळी रामामृत रंगनाथन. १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन त्यांच्याच स्मरणार्थ असतो.

कोण होते रंगनाथन?
तमिळनाडूतील शियाळी येथे १८९२ मध्ये जन्म. मंगळूर, कोइमतूर आणि मद्रासमध्ये त्यांनी गणित शिकवले. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पण तिथे दिवसभर फारसे कामच नसे. कंटाळून त्यांनी पुन्हा वर्गात परतण्याची खटपट केली.

मन कशामुळे बदलले?
त्याच वर्षी विद्यापीठाने त्यांना लंडनला पाठवले. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांत सर्व थरांतील माणसे सहज येताना त्यांनी पाहिली. १९२५ मध्ये परतल्यावर त्यांनी मद्रासमध्ये वाचकांना थेट कपाटापर्यंत जाऊ दिले आणि ग्रंथालयाची वेळ वाढवली.

पाच सूत्रे कोणती?
१९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे पुस्तकरूपाने मांडली. त्यांचा आशय असा :
१. पुस्तके वापरासाठी असतात.
२. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे.
३. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा.
४. वाचकाचा वेळ वाचवावा.
५. ग्रंथालय सतत वाढत राहते.

शाळांसाठी काय?
शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांवर त्यांनी १९४२ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले. प्रत्येक मुलाचा वेग आणि आवड वेगळी असते, त्यामुळे सगळ्यांना एकसारखे शिकवून भागत नाही. ही उणीव ग्रंथालयाने भरून काढावी, अशी त्यांची भूमिका होती.

आज त्याचा उपयोग काय?
रंगनाथन १९७२ मध्ये गेले, तेव्हा आपल्या शाळांत संगणकही नव्हता. तरी त्यांची सूत्रे टॅबला लागू पडतात. शाळेने हजार पीडीएफ एका फोल्डरमध्ये टाकल्या आणि पासवर्ड फक्त कार्यालयात ठेवला, तर पहिले सूत्र तिथेच मोडते. नीट शोधता न येणारे ॲप मुलांचा वेळ खाते, म्हणजे चौथे मोडले. सातवीतल्या मुलीला नेमके काय वाचायला द्यावे, हे सांगणारे माणूस नसेल, तर दुसरे आणि तिसरेही.

त्यामुळे पुढच्या पालकसभेत शाळेने किती टॅब घेतले, एवढेच विचारू नका. मुलांनी त्यावर गेल्या महिन्यात काय वाचले आणि ते निवडायला मदत कोणी केली, हेही विचारा.