हिस्लॉपसाहेबांचे दगड

राधानगरीहून दाजीपूरकडे जाताना रस्त्याकडेला जो काळा कातळ उघडा पडलेला दिसतो, त्याचे भाऊबंद थेट नागपूरपर्यंत पसरले आहेत. सह्याद्रीपासून सीताबर्डीच्या टेकडीपर्यंत सारा थिजलेल्या लाव्ह्याचा पसारा. आपली मुले त्यातल्या गारगोट्या वेचतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. नागपुरात मात्र भोसल्यांच्या राज्यात आलेला एक स्कॉटिश पाद्री या दगडांच्या नादी लागला, तो जन्मभरासाठी. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. त्यांच्या नावाचे कॉलेज विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. दगडांची हकीकत थोड्यांनाच.

हिस्लॉप यांचा जन्म 8 सप्टेंबर 1817 चा, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. 1845 मध्ये ते नागपूरला आले, मराठी शिकले, शाळा काढली. दगड पाहणे हा फावल्या वेळचा उद्योग. सोबतीला रॉबर्ट हंटर हे दुसरे पाद्री.

नागपूरजवळ टाकळीच्या परिसरात दोघांना लाव्ह्याच्या थरांमध्ये दडलेला गाळाचा थर सापडला आणि त्यात शंखशिंपले; तेही गोड्या पाण्यातले. आता विचार करा, तप्त रसात गोगलगाय कशी जगेल? म्हणजे लाव्हा एका दमात आला नव्हता. एक लोंढा थंड झाला, त्यावर तळी साचली, जीव वाढले, मग पुढचा लोंढा आला. एवढी मोठी उकल एका शिंपल्यातून झाली! या थरांचे वय त्यांनी प्रत्यक्षाहून बरेच कमी धरले. आज ते सुमारे साडेसहा कोटी वर्षे मानतात.

नमुने लंडनला जात. मांगली गावच्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी 1855 मध्ये केले. ती तिकडच्याच संग्रहालयात राहिली. टाकळीच्या एका हिरव्या खनिजाला 1859 मध्ये हॉटन यांनी ‘हिस्लोपाइट’ असे नाव दिले. पुढे ते हिरवी माती मिसळलेले साधे कॅल्साइट ठरले आणि नाव यादीतून गेले. दगडी कोळशाच्या काळातल्या एका पानाच्या ठशाला मिळालेले हिस्लॉप यांचे नाव मात्र विद्यार्थी अजून पाठ करतात. माझी नोकरी बँकेत गेली. तारणाच्या दागिन्याच्या पुडीवरची चिठ्ठी हरवली तर काय घोळ होतो, ते मी जाणतो. दगडाचेही तसेच. तो कोणत्या गावी, कोणत्या थरात मिळाला हे लिहिलेले नसेल, तर कपाटात ठेवूनही उपयोग नाही. हिस्लॉप यांच्या नमुन्यांची किंमत गावांच्या नावांत आहे.

1863 मध्ये नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय उभे राहिले, आपला ‘अजब बंगला’. त्याच वर्षी 4 सप्टेंबरला हिस्लॉप हे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासह टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहायला गेले. परतताना रात्र झाली, बोरीजवळचा ओढा पुराने फुगला होता. घोड्यावर एकटेच असलेले हिस्लॉप त्यात वाहून गेले. शेहेचाळीस पुरी व्हायला चार दिवस उरले होते. गोंड आणि इतर आदिवासींविषयीची त्यांची टिपणे टेंपल यांनी 1866 मध्ये छापून काढली.