मेण, पेट्रोल आणि डॉ. भटनागर

मनमाडजवळच्या पानेवाडीहून छत्रपती संभाजीनगरला पेट्रोलचे टँकर येतात. पानेवाडीला इंधन येते ते मुंबईहून, नळवाटे. ट्रॉम्बेचे तेलशुद्धीकरण कारखाने ज्या करारांमुळे उभे राहिले, त्यांमागे एक रसायनशास्त्रज्ञ होता, याची आठवण मात्र मराठवाड्यातच काय, मुंबईतही क्वचितच निघते.

शांतिस्वरूप भटनागर यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी पंजाबातील भेरा येथे झाला. वडील लवकरच वारले आणि आजोळी त्यांचे संगोपन झाले. लंडनहून १९२१ मध्ये डॉक्टरेट घेऊन ते परतले. आधी काशीला व १९२४ पासून लाहोरला प्राध्यापक झाले. तेथे अटक ऑइल कंपनीची अडचण त्यांच्याकडे आली. विहीर खणताना वापरावयाचा चिखल खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच घट्ट होई. भटनागरांनी त्यात डिंक मिसळून तो प्रवाही ठेवला. कंपनीने दीड लाख रुपये देऊ केले, ते त्यांनी स्वतः न घेता विद्यापीठातील संशोधनाकडे वळविले. त्याच पैशांतून मेणाचा दुर्गंध घालविणे, रॉकेलची ज्योत वाढविणे असे प्रयोग झाले. प्राध्यापकाच्या वेतनावर जगणाऱ्या माणसाचा हा त्याग लहान नव्हे.

मेणाचे पेट्रोल त्यांनी स्वतः केले नाही. पण ती विद्या समजल्याशिवाय त्यांच्या पुढच्या कामाचे मोल कळत नाही. मेण म्हणजे कर्ब आणि हायड्रोजन यांच्या लांबच लांब साखळ्या. पेट्रोलच्या साखळ्या त्याच जातीच्या, पण आखूड. सुमारे ५०० अंश तापमानात उत्प्रेरकाच्या भुकटीवर लांब साखळ्या तुटतात. भुकटीवर साचलेला कोळसा हवेने जाळून ती पुन्हा वापरतात, आणि त्या ज्वलनाची उष्णता पुढच्या भंजनाच्या कामी येते. जड खनिज तेलालाही हीच रीत लागू पडते. शिवाय मेण भूगर्भातूनच आले पाहिजे असे नाही. कोळशाच्या वायूपासून ते बनविण्याची कृती फिशर व ट्रॉप्श यांनी जर्मनीत १९२० च्या दशकात शोधली होती. कोळसा मुबलक आणि तेल अपुरे असलेल्या भारताला तिचे महत्त्व उघड होते. भटनागरांनी उभारलेल्या प्रयोगशाळांपैकी धनबादजवळच्या इंधन संशोधन संस्थेत त्या दिशेने काम झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पुढे उत्प्रेरकांवर मोलाचे संशोधन झाले. दोन्ही संस्था १९५० मध्ये सुरू झाल्या.

पण कोळशाची वाट लांबची होती. इराणमधील तंट्यामुळे १९५१ मध्ये आबादानचे तेल थांबले, आणि देशाला कारखाने ताबडतोब हवे झाले. परकीय कंपन्यांशी बोलणी करण्याची जबाबदारी भटनागरांवर आली. त्याच वर्षाच्या अखेरीस स्टॅनव्हॅक व बर्मा-शेल यांच्याशी करार झाले. त्यांतील अटी उदार होत्या, किंबहुना अति उदार: पूर्ण परकीय मालकी आणि पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण न करण्याची हमी. स्वतःच्या हक्काचे दीड लाख सोडणाऱ्या माणसाने देशाच्या वतीने इतके सोडावे, हे टीकाकारांना खटकले तर नवल नाही. तथापि हातात तेल नसलेल्याने तेलवाल्यांशी घासाघीस किती करावी, हाही प्रश्नच होता. असो. १९७४ व १९७६ मध्ये ट्रॉम्बेचे ते दोन्ही कारखाने सरकारच्या हाती आले.

स्टॅनव्हॅकचा कारखाना १९५४ मध्ये सुरू झाला. १ जानेवारी १९५५ रोजी हृदयविकाराने भटनागरांचे निधन झाले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस शेजारच्या बर्मा-शेलच्या कारखान्यात शुद्धीकरणाला प्रारंभ झाला.