भाताचा दाणा, खाडीचा बांध आणि बाबासाहेब

रोहा-पेणच्या खारेपाटात भरतीच्या पाण्याने बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि हाताशी आलेले भातपीक जाते. पूर निसर्गाचा असतो, पण उपाशी कोण राहणार हे जमिनीच्या मालकीवर ठरते. बाबासाहेबांचे आयुष्य या बाजूने आपण फारसे वाचत नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. १९१८ मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. केवळ तुकडे जोडून शेती सुधारणार नाही, शेतीत भांडवल हवे आणि जादा मनुष्यबळाला उद्योगांत काम हवे, अशी त्यांची मांडणी होती.

१९३३ मध्ये आपल्या शेजारच्या अलिबाग तालुक्यात, चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. कुळांनी सावकारांच्या जमिनी कसणे बंद केले, उपासमार सोसली, पण १९३९ पर्यंत माघार घेतली नाही. बाबासाहेब या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकरी विधिमंडळावर चालून गेले. महार आणि कुणबी एका मोर्चात होते. ते विधेयक तेव्हा संमत झाले नाही; खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली आणि दामोदर नदीला महापूर आला. पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार करणाऱ्या दामोदर खोरे योजनेच्या पायाभरणीत बाबासाहेबांचा मोठा वाटा होता. पाणी अडवायचे ते माणसांसाठी, ही त्यामागची दृष्टी होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आजही पूर ओसरला की पंचनामा होतो आणि भरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळते. तोंडी कराराने शेत कसणाऱ्याचे पीक वाहून गेले तरी कागदावर तो नसतोच. म्हणून तरुण कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी आपल्या गावातील खारबांध पाहावेत, दुरुस्तीचे अर्ज द्यावेत, कसणाऱ्यांच्या नावांची यादी करावी आणि पंचनाम्याच्या दिवशी शेतावर हजर राहावे. जयंतीच्या मिरवणुकीइतकेच हेही बाबासाहेबांचे काम आहे.

जय भीम!