समुद्राचा रंग आणि सी. व्ही. रामन

ठाण्यानजीक कोलशेतच्या काठाला उल्हास नदीच्या खाडीचे पाणी मातकट दिसते. तेच पाणी पुढे वसईपाशी अरबी समुद्राला मिळते, आणि किनारा दूर राहिला की समुद्र निळा होतो. या रंगात पाण्यातील जीवसृष्टीचा वृत्तान्त असतो व तो आज उपग्रहांच्या साहाय्याने वाचला जातो. या विद्येचा एक मूळ धागा मुंबई बंदराशी निगडित आहे, आणि तो हाती घेणारा पुरुष एके काळी सरकारी हिशेबखात्यात अधिकारी होता.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. त्या काळी विज्ञानावर चरितार्थ चालविण्याची सोय हिंदी तरुणाला क्वचितच लाभे. म्हणून मद्रासला एम. ए. होऊन १९०७ साली ते अर्थखात्याच्या सेवेत शिरले. दिवसा कचेरी आणि उरलेल्या वेळी प्रयोगशाळा असा क्रम त्यांनी कलकत्त्यास ठेवला. मध्यंतरी रंगून व नागपूर येथे बदल्याही झाल्या. १९१७ साली ती भरपगारी नोकरी सोडून कलकत्ता विद्यापीठातील कमी वेतनाचे प्राध्यापकपद त्यांनी पत्करले.

१९२१ साली ऑक्सफर्ड येथील विद्यापीठांच्या परिषदेस ते गेले. समुद्राचा निळेपणा हे आकाशाचे प्रतिबिंब होय, असे लॉर्ड रॅले यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचे मत होते. परतीच्या प्रवासात 'नारकुंडा' बोटीवरून रामन यांनी एका लहानशा निकोल लोलकातून पाण्याकडे पाहिले. पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश लोलकाने अडविला, तरी निळा रंग नाहीसा झाला नाही. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हा निष्कर्ष त्यांनी मुंबई बंदरातूनच 'नेचर' नियतकालिकास लिहून कळविला. याच वाटेने १९२८ चा रामन परिणाम आणि १९३० चे नोबेल पारितोषिक आले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगलोर येथे त्यांचे निधन झाले.

समुद्राचा रंग टिपणारे पहिले उपग्रही उपकरण त्यानंतर आठ वर्षांनी, १९७८ साली अवकाशात गेले. भारताचा ओशनसॅट १९९९ साली सुटला. यामागील तत्त्व सोपे आहे. वनस्पती-प्लवकांतील हरितद्रव्य निळा प्रकाश शोषते. त्यामुळे प्लवक वाढले की पाणी हिरवट होते. त्यावरून हैदराबादची 'इन्कॉइस' संस्था मासळीच्या संभाव्य जागा व शैवालाचे उद्रेक यांची माहिती देते. असे उद्रेक कुजले की प्राणवायू घटून मासे मरतात. काही जातींचे विष शिंपल्यांवाटे माणसापर्यंत पोचते. ही गणिते अचूक करताना पाण्यातील रामन विकिरणाचाही हिशेब धरावा लागतो.

परंतु जेथे सांडपाण्याने शैवालाला खतपाणी मिळते, त्या खाडीतच ही दृष्टी अधू ठरते. ओशनसॅटच्या पहिल्या दोन उपग्रहांच्या चित्रातील एक ठिपका सुमारे ३६० मीटरचा. खाडीचे पात्र अरुंद, आणि गाळाचा रंग हरितद्रव्याच्या रंगात मिसळलेला. म्हणजे खोल समुद्राची खबर आकाशातून मिळते. कोलशेतच्या पाण्याची मात्र काठावर उभे राहूनच घ्यावी लागते. त्यासाठी पाण्याचे नमुने, साधा सूक्ष्मदर्शक आणि नियमाने ठेवलेली वही पुरते. एवढा खर्च कोणत्याही महाविद्यालयाला वा नगरसंस्थेला झेपणारा आहे. रामन यांनी बोटीवरून समुद्राला प्रश्न विचारला, तेव्हा त्यांच्या हातातील साधनही खिशात मावणारेच होते.