कापरेकर गुरुजींचे रिंगण

गेल्या पावसाळ्यातला एक रविवार. बोरीवलीतल्या आमच्या घरची वीज गेलेली, टीव्ही बंद, आणि पाचवीतला नातू कंटाळून बसलेला. वजाबाकी म्हटली की त्याच्या पोटात गोळा येतो. मी म्हटले, चल, एक खेळ खेळू. दोन अंकी संख्या घे, तिचे अंक उलटे कर आणि मोठीतून लहान वजा कर. उत्तराचेही तसेच करत राहा.

त्याने २७ घेतले. ७२ वजा २७, पंचेचाळीस. ५४ वजा ४५, नऊ. ते ०९ असे लिहायला मी सांगितले. ९० वजा ०९, एक्याऐंशी. मग त्रेसष्ट. आणि मग पुन्हा सत्तावीस! पोराचा चेहरा उतरला. आपले काहीतरी चुकले असे वाटून त्याने खोडरबर उचलला. मी त्याचा हात धरला आणि त्याला एका शाळामास्तरांची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आमच्या बोरीवलीवरून उत्तरेला जाणाऱ्या गाड्या ज्या डहाणूला जातात, तेच हे डहाणू. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, पण त्यांना ज्योतिषाचा भारी नाद. कुंडलीतले ग्रह बाजूला राहिले आणि मुलाला त्यातल्या आकडेमोडीचीच गोडी लागली. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले. पुढचे शिक्षण झाले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवले.

पगार शिक्षकाचा आणि छंद संख्यांचा. स्वतःच्या खर्चाने छोट्या पुस्तिका छापायच्या, पदरमोड करून गणिताच्या परिषदांना जायचे, असा त्यांचा क्रम. लोक त्यांना ‘गणितानंद’ म्हणत. १२१, १२३२१ अशा चढत जाऊन पुन्हा उतरणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ हे नाव दिले. डेम्लो म्हणजे आपले डोंबिवली! त्या संख्यांचा विचार त्यांना सुचला तो जुन्या जी. आय. पी. रेल्वेच्या या स्टेशनावर. गाडीची वाट पाहताना आपण घड्याळाकडे बघतो, गुरुजींना संख्या दिसत.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध १९४० च्या दशकातला. चार अंकी संख्या घ्या, मात्र चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि वजाबाकी करा. गुरुजींचे जन्मसालच घेऊ. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे तसेच करत गेले की ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. आता ७६४१ वजा १४६७ करा, पुन्हा ६१७४! कुठूनही निघा, सात पायऱ्यांच्या आत मुक्काम हाच. आज जगभर या संख्येला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

असे का व्हावे? चार अंकी संख्या मोजक्याच आहेत आणि प्रत्येकीची पुढची पायरी ठरलेली आहे. चालणारा चालत राहिला तर केव्हातरी पूर्वीच्याच पावलावर पाऊल पडणार, आणि तिथून रिंगण सुरू होणार. चार अंकांत ते रिंगण एकाच संख्येचे आहे. दोन अंकांत ते २७, ४५, ०९, ८१, ६३ असे पाच जणांचे. पाचही नवाच्या पाढ्यातले, कारण संख्या आणि तिची उलट संख्या यांच्यातला फरक नेहमी नवाच्या पटीतच येतो. पाच अंकी संख्यांत तर एकच मुक्काम नाही, तीन वेगवेगळी रिंगणे आहेत.

रिंगण, कडे, वलय हे शब्द आपण किती ठिकाणी वापरतो! वारीत घोडा धावतो ते रिंगण. शनीभोवती दिसते ते कडे, आणि ते कडे म्हणजे एक अखंड चकती नसून बर्फाचे असंख्य लहानमोठे तुकडे त्याच्याभोवती फिरत असतात. ऑलिंपिकच्या झेंड्यावर पाच वलये एकमेकांत गुंतलेली, तर मुष्टियुद्धाचे रिंगण मात्र चक्क चौकोनी! कॉलेजच्या गणितातही ‘वलय’ आहे. घड्याळात नऊनंतर पाच तासांनी दोन वाजतात. बेरीज करा, वजाबाकी करा, गुणाकार करा, उत्तर बारा आकड्यांच्या बाहेर जात नाही. असा काही नियमांनी बांधलेला, स्वतःत पुरा असलेला संसार म्हणजे गणितातले वलय. गुरुजींची रिंगणे त्या व्याख्येत बसत नाहीत, पण फिरून पुन्हा तिथेच येण्याचा धर्म तोच.

विद्वानांपैकी काहींना हे सारे पोरखेळ वाटले. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून ६१७४ येते, आठाच्या पटीत मोजले असते तर हे नवल वेगळेच दिसले असते. पण गुरुजींनी लिहिणे थांबवले नाही. निवृत्तीनंतर पत्नी गेली, निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून शिकवण्या केल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने आपल्या लोकप्रिय सदरात त्यांच्यावर लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर पोहोचले. तेव्हा ते सत्तरीचे होते. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले.

मला वाटते, त्यांचे मोठेपण या आकड्यांपेक्षा वेगळ्या गोष्टीत आहे. उत्तर फिरून तिथेच आले की आपण चूक झाली असे समजतो आणि पान खोडतो. गुरुजींनी खोडले नाही, ते का येते हे विचारले. त्यासाठी त्यांना ना प्रयोगशाळा लागली ना मोठी पदवी. लागली ती फक्त वजाबाकी, आणि ती तर पाचवीच्या पोरालाही येते.

त्या दिवशी वीज आली तेव्हा नातवाची पाठकोरी वही आकड्यांनी भरली होती. त्याने आजीचे जन्मसाल घेतले होते, मग इमारतीच्या दारात उभ्या असलेल्या स्कूटरचा नंबर. टीव्ही सुरू झाल्याचे त्याच्या ध्यानातही आले नाही. तुम्हीही आज दुपारी घरातल्या सर्वांची जन्मसाले घेऊन बसा. मध्ये तीन अंकी उत्तर आले तर पुढे शून्य मांडायला तेवढे विसरू नका.